पलटणीतली शाळा

चार वर्षं अग्निवीर, मग सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, त्यातून पुढचं शिक्षण. हा हिशोब आज बारावीनंतर अनेक घरांत मांडला जातो. रायगडच्या दक्षिणेला, सावित्री खाडीकाठच्या महाड परिसरात हाच व्यवहार सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीही होता. तेव्हा प्रश्न कॉलेजचा नव्हता, साध्या अक्षरओळखीचा होता.

गावच्या शाळेत महार मुलांना जागा नव्हती. पलटणीत होती. तिथे शिपाई शिकत आणि त्यांची मुलं-मुलीही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले. दोनच वर्षांत त्यांचं अस्पृश्यतेविरुद्धचं ‘विटाळ विध्वंसन’ आलं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. त्यांचा मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर.

मग १८९०च्या दशकात सरकारने महारांची भरती थांबवली. वलंगकरांनी अर्ज लिहिला, पण दार उघडलं नाही. बाबासाहेबांचं कॉलेज बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीवर झालं.

फौजेत जाणं फायद्याचं ठरलं का? जे गेले, त्यांना नक्कीच. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्यांत पेन्शनर शिपाईही होते. पण मागून येणाऱ्यांची वाट एका हुकमाने बंद झाली.

म्हणून आज कुणी वर्दी निवडली, तर हिशोब नीट करावा: चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. आणि ज्याला फौजेत जायचंच नाही, त्याच्यासाठी कॉलेजची फी कोण भरणार, हेही विचारावं.