पीप्सने चव का लिहिली नाही?

लंडनच्या लॉम्बर्ड स्ट्रीटवरच्या ‘रॉयल ओक’ या मद्यालयात १० एप्रिल १६६३ रोजी नौदल कार्यालयातला एक तिशीचा अधिकारी फ्रेंच वाइन प्यायला. त्याचं नाव सॅम्युअल पीप्स. त्या दिवसाच्या रोजनिशीत त्याने वाइनचं नाव ‘हो ब्रायन’ असं लिहिलं. पुढे इतकंच, की चव चांगली आहे, अगदी वेगळी आहे आणि अशी आपण कधी चाखली नव्हती. बोर्दोजवळच्या ओ-ब्रियाँ या द्राक्षमळ्याची ही वाइन. वाइनच्या इतिहासात ही नोंद वारंवार दाखवली जाते.

आज चार हौशी माणसं बाटली उघडून बसली, की कुणाला त्यात काळ्या मनुका जाणवतात, कुणाला तंबाखू, कुणाला ओली माती. त्यापुढे पीप्स फारच कोरडा वाटतो. मग सरळ निष्कर्ष काढावासा वाटतो, की सतराव्या शतकातल्या लोकांना वाइनमधले बारकावे कळतच नव्हते. हा निष्कर्ष का टिकत नाही ते पाहू. वाइन हे फक्त उदाहरण आहे. साधनात एखादी गोष्ट नाही, म्हणजे ती त्या काळात नव्हतीच, असं म्हणायचा मोह तुमच्याही विषयात होणार आहे.

पहिली पायरी म्हणजे त्याच लेखकाच्या इतर नोंदी वाचणं. ७ जुलै १६६५ ला पीप्स आपल्या तळघरातला साठा मोजतो. क्लॅरेट, कॅनरी, मालागा, पांढरी वाइन, सगळी लहानमोठ्या पिंपांत भरलेली. आपल्या घराण्यात आज हयात असलेल्या कुणाकडे एका वेळी एवढा साठा कधी नसेल, याचा त्याला अभिमान वाटतो. चवीबद्दल मात्र अवाक्षर नाही. जानेवारी १६६२ च्या एका नोंदीत तो म्हणतो, की वाइन सोडल्यापासून तब्येत बरी आहे, कामात लक्ष लागतं, पैसे आणि वेळ वाचतो. म्हणजे वाइनबद्दल त्याच्याकडे बोलायला भरपूर आहे. फक्त त्याचे प्रश्न वेगळे आहेत: ही माझ्या शरीराचं काय करते, आणि माझी ऐपत काय दाखवते?

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ‘आंबा उष्ण पडतो, ताक थंड’ असं आपण आजही म्हणतो. त्या वेळच्या युरोपीय वैद्यकातही खाण्यापिण्याचा विचार उष्ण-शीत, कोरडं-ओलं अशाच भाषेत व्हायचा. पेयाचं वर्णन करणं म्हणजे बहुतेकदा त्याचा परिणाम सांगणं.

दुसरी पायरी वस्तूची. पीप्स बाटलीतून प्यायला म्हणून आजची बाटली डोळ्यांसमोर आणू नका. ऑक्टोबर १६६३ मध्ये तो आपलं चिन्ह उमटवलेल्या पाच-सहा डझन नव्या बाटल्या वाइनने भरलेल्या पाहून आला. पण त्या काळी बाटली मुख्यतः पिंपातली वाइन टेबलापर्यंत आणण्यासाठी असायची. बूच लावून, आडवी ठेवून वर्षानुवर्षं मुरवण्याची पद्धत रुळली ती पुढच्या शतकात. एकाच मळ्याची दहा वर्षांपूर्वीची आणि वीस वर्षांपूर्वीची बाटली शेजारी ठेवून तुलना करणं ज्याला शक्यच नाही, त्याला त्या तुलनेचे शब्द तरी कशाला लागतील?

तिसरी पायरी दुसऱ्या साक्षीदाराची. तत्त्वज्ञ जॉन लॉक १६७७ मध्ये याच मळ्यावर गेला. मळा पोंटाक घराण्याचा. लॉक लिहितो ते वाळू-खडीच्या निकृष्ट जमिनीबद्दल आणि चढलेल्या भावाबद्दल. वाटेल त्या किमतीला वाइन मागवणाऱ्या श्रीमंत इंग्रजांमुळे भाव वाढला, असं कारणही देतो. पोंटाकांनी १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये स्वतःचं मद्यालयही काढलं होतं.

आता पीप्सची नोंद पुन्हा वाचा. तळघराच्या यादीत वाइनना प्रकाराची किंवा प्रदेशाची नावं आहेत. १६६३ च्या नोंदीत एका विशिष्ट मळ्याचं नाव आहे. त्या ओळीतली नवी गोष्ट विशेषणांत नाहीच, ती नावात आहे. एका मळ्याची वाइन स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली होती, आणि पिणाऱ्याला तिचं वेगळेपण कळलंही होतं. ‘अशी कधी चाखली नव्हती’ हे न कळणाऱ्याचं बोलणं नव्हे.

नंतरच्या नोंदींनाही हेच लावून पाहता येतं. जॉर्ज सेंट्सबरी हा साहित्याचा प्राध्यापक. १९२० मध्ये त्याने आपल्या तळघराच्या वहीवर पुस्तक लिहिलं. त्यात वाइनला माणसासारखे गुण आहेत, अगदी मर्दानीपणासुद्धा. दारूबंदीवाल्यांविरुद्ध हा माणूस एका संस्कृतीची बाजू लढवत होता, हे विसरून ते वाचता येत नाही. पुढे १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी वासांच्या शब्दांचं चक्र मांडलं. त्यात ‘उमदी’, ‘डौलदार’ असे शब्द बाद. प्रत्येक शब्दासमोर हुंगून पाहता येईल असा नमुना हवा. कारण प्रयोगशाळेत दोघांना एका शब्दाचा एकच अर्थ लागायला हवा.

आणि शब्द वाढले म्हणजे अचूकता वाढली, असंही नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केलं.

तेव्हा प्रस्ताव लिहायच्या आधी एवढं करा. ज्या साधनात तुम्हाला काहीतरी ‘नाही’ असं दिसतंय ते घ्या. त्याच लेखकाच्या आणखी दोन नोंदी शोधा, त्या वस्तूचा तेव्हाचा वापर तपासा आणि दुसरा साक्षीदार गाठा. एवढं झाल्यावरही ती गोष्ट दिसत नसेल, तर मग खुशाल लिहा की ती नव्हती.