तांब्याला समुद्र सापडत नाही : झांबियाची गोष्ट

मे १८७३ च्या आरंभी बांगवेउलूच्या दलदलीकाठी, चितांबो नावाच्या गावप्रमुखाच्या वस्तीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्याचे काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरले, देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि तो खांद्यावर घेऊन समुद्राची वाट धरली. दीड हजार किलोमीटरहून अधिक चाल. हिंदी महासागरावरचे बागामोयो बंदर त्यांनी गाठले तेव्हा १८७४ चा फेब्रुवारी उजाडला होता. या तांड्याचे म्होरके होते चुमा आणि सुसी. अंत्यसंस्काराची प्रार्थना वाचणारा आणि त्या झाडावर मृत्यूची नोंद कोरणारा जेकब वेनराइट हा तरुण मात्र नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे आणून शिकवले जाई. या प्रवासाचे श्रेय युरोपने बराच काळ मृताच्याच खाती जमा केले, वाहणाऱ्यांच्या नव्हे.

हा प्रसंग ज्या भूमीवर घडला ती आज झांबिया म्हणून ओळखली जाते. तेथून समुद्र गाठणे किती कष्टाचे आहे, हे या प्रवासातून कळते. त्याआधीही हस्तिदंत आणि साखळदंडातली माणसे पूर्व किनाऱ्याकडे जात होतीच. पुढे तांबे जाऊ लागले. माल बदलला, अडचण तीच राहिली.

नकाशा समोर घ्यावा. सुमारे ७,५२,००० चौरस किलोमीटरचा हा देश म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे, समुद्रसपाटीपासून हजार ते तेराशे मीटर उंचीचे पठार. उष्ण कटिबंधात असूनही उंचीमुळे हवा सौम्य. लोकसंख्या जेमतेम दोन कोटी. शेजारी आठ: काँगो, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया आणि अंगोला. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, आणि दोन पंखांच्या मधोमध काँगोच्या भूमीची एक जीभ आत घुसलेली.

गंमत अशी की, इथल्या पाण्याला मात्र दोन-दोन समुद्र सापडतात. चांबेशी नदी बांगवेउलूत शिरते, तिथून लुआपुला होऊन काँगो नदीला मिळते आणि तिचे पाणी अटलांटिकला जाते. झांबेझी, काफुए आणि लुआंग्वा यांचे पाणी हिंदी महासागरात उतरते. झांबेझी हा आफ्रिकेच्या अंतरंगात शिरण्याचा ईश्वरदत्त राजमार्ग आहे, अशी लिव्हिंग्स्टनची श्रद्धा होती. १८५८ मध्ये आजच्या मोझांबिकमधील काहोरा बासाच्या धबधब्यांपाशी त्याची आगबोट अडली आणि तो राजमार्ग तिथेच संपला.

या दोन खोऱ्यांमधला पाणलोटाचा कणा म्हणजेच आजची झांबिया-काँगो सीमा, आणि नेमक्या त्याच कण्याच्या दोन्ही अंगांना जगातल्या समृद्ध तांब्याच्या साठ्यांपैकी एक पसरलेला आहे. पलीकडच्या कटांगावर मसिरी नावाच्या राजाची सत्ता होती. सेसिल ऱ्होड्सच्या प्रतिनिधीला त्याने करार नाकारला. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने पाठवलेल्या मोहिमेने डिसेंबर १८९१ मध्ये मसिरीला गोळी घालून तो प्रश्न मिटवला. १८९४ च्या ब्रिटन-लिओपोल्ड करारात सीमा मुक्रर झाली आणि ती जीभ नकाशावर उमटली. पश्चिमेस लोझींचा राजा लेवानिका याने १८९० मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीशी करार केला तो आपण ब्रिटनच्या राणीचे संरक्षण घेत आहोत या समजुतीने. प्रत्यक्षात त्याने एका व्यापारी कंपनीला खनिजांचे हक्क लिहून दिले होते. या एका कागदाचे व्याज पुढची सत्तर वर्षे फेडले गेले.

‘उत्तर ऱ्होडेशिया’ हे नाव देऊन कंपनीने १९२४ पर्यंत राज्य केले. त्यानंतर कारभार ब्रिटिश सरकारकडे गेला, खनिजांचे स्वामित्वशुल्क मात्र कंपनीकडेच राहिले. १९०५ मध्ये मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे व्हिक्टोरिया धबधब्यापाशी पूल झाला आणि आगगाडी उत्तरेकडे सरकू लागली. आजही देशाची मोठी शहरे या लोहमार्गाच्या दोरीत मण्यांसारखी ओवलेली दिसतात: लिव्हिंग्स्टन, लुसाका, काब्वे, एन्डोला. १९३५ पासून राजधानी असलेले लुसाका मुळात या मार्गावरचे एक लहानसे थांब्याचे ठिकाण होते.

१९२० च्या दशकात मोठ्या खाणींचा उद्योग उभा राहिला. झोपडीपट्टी नव्हे, झोपडी-कर हे त्याचे इंधन होते: कर रोखीत भरायचा, आणि रोख रक्कम खाणीतच मिळायची. बेंबा, लोझी, चेवा, टोंगा अशा सत्तरहून अधिक भाषिक समूहांतली माणसे ताम्रपट्ट्यात एकत्र आली. बेंबा ही तिथली सामायिक बोली झाली, जशी लुसाकात न्यांजा. गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या वेतनात जमीन-अस्मानाचा फरक होता. १९३५ च्या संपात लुआन्श्या येथे सहा, तर १९४० मध्ये एन्काना येथे सतरा कामगार गोळीबारात ठार झाले. झांबियाच्या राष्ट्रवादाचे मूळ शोधताना पक्षांच्या ठरावांपेक्षा या दोन तारखांकडे आधी पाहणे योग्य ठरते.

१९५३ ते १९६३ या काळात हा प्रदेश दक्षिण ऱ्होडेशिया व न्यासालँडसह एका संघराज्यात बांधला गेला. तांब्याचा पैसा उत्तरेचा, राजधानी दक्षिणेतल्या सॅलिसबरीत. याच काळात झांबेझीवर करिबा धरण उभे राहिले. त्याचे पहिले वीजगृह दक्षिण तीरावर बांधले गेले, आणि दोन्ही तीरांवरचे सुमारे ५७,००० टोंगा लोक ग्वेम्बे खोऱ्यातून उठवले गेले. सप्टेंबर १९५८ मध्ये चिसोमो येथे त्यांनी भाले घेऊन विरोध केला. पोलिसांच्या गोळ्यांनी आठ माणसे मारली.

२४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला. योगायोग असा की, त्याच दिवशी टोकियो ऑलिंपिकचा समारोप होता; उत्तर ऱ्होडेशिया म्हणून दाखल झालेला चमू झांबियाचा ध्वज घेऊन बाहेर पडला. स्वातंत्र्याच्या तोंडावर कंपनीचे खनिजहक्क ४० लाख पौंड मोजून सोडवून घेतले गेले; त्यातला निम्मा वाटा ब्रिटनने उचलला. देशात पदवीधर होते सुमारे शंभर. निर्यातीचे नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पन्न एकट्या तांब्याचे. आणि ते तांबे समुद्रापर्यंत नेणारा मुख्य लोहमार्ग गोऱ्या अल्पसंख्याकांच्या ऱ्होडेशियातून जात होता.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथच्या सरकारने तिथे एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. झांबियाचे पेट्रोल तिकडून येई, दगडी कोळसा तिकडून येई, करिबाच्या विजेची कळ तिकडच्या तीरावर होती. ब्रिटनने ऱ्होडेशियाची तेलकोंडी केली आणि तिचा पहिला चटका झांबियाला बसला. पिंपांत भरलेले तेल विमानांनी आणले गेले. दार-एस-सलामच्या खडतर रस्त्यावर तेल व तांबे वाहणाऱ्या मालमोटारी इतक्या उलटल्या की, त्या मार्गाला ‘हेल रन’ हे नाव पडले. १९६८ मध्ये दार-एस-सलाम ते एन्डोला अशी सुमारे १,७०० किलोमीटरची तेलवाहिनी पूर्ण झाली.

लोहमार्गासाठी राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा आणि टांझानियाचे ज्युलिअस न्येरेरे यांनी पश्चिमेकडे मदत मागितली. जागतिक बँकेच्या पाहणीने तो किफायतशीर नसल्याचा निर्वाळा दिला. हिशेबाच्या दृष्टीने तो चूक नव्हता. पण शत्रूच्या अंगणातून जाणारी वाट किती काळ उघडी राहील, याचा रकाना त्या हिशेबात नव्हता. अखेर स्वतः दारिद्र्यात असलेल्या चीनने बिनव्याजी कर्ज आणि हजारो कामगार दिले. १९७० ते १९७५ या काळात दार-एस-सलामपासून कापिरी एम्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग बांधला गेला. त्यावर बोगदेच बावीस आहेत.

मार्ग तयार झाला आणि तांब्याचा भाव कोसळला. १९७५ मध्येच अंगोलाच्या यादवीमुळे पश्चिमेचा बेंग्वेला लोहमार्गही बंद पडला. दक्षिणेची सीमा काउंडांनी १९७३ पासून बंद ठेवली होती. राहिले दार-एस-सलाम, तिथे गोदीत मालाचे ढीग साचले, ताझाराची इंजिने नादुरुस्त होऊ लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये शेतीच्या हंगामासाठी खत हवे होते. काउंडांना तत्त्व गिळून दक्षिणेची वाट पुन्हा उघडावी लागली. पुढच्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या कमांडोंनी चांबेशीवरचा ताझाराचा पूल उडवला. झिंबाब्वेच्या मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिताना झांबियाने भरलेले हे बिल क्वचितच नोंदवले जाते.

अर्थात दोष सगळा शेजाऱ्यांचा नव्हता. १९६९ मध्ये खाणींत ५१ टक्के सरकारी हिस्सा घेण्याची घोषणा झाली. पाठोपाठ एकपक्षीय राजवट आली. शहरांतला मक्याच्या पिठाचा भाव अनुदानाने दाबून ठेवला गेला आणि खाणींची यंत्रे जुनी होत गेली. भाव पुन्हा चढेल या आशेवर कर्ज काढले जात होते. भाव चढला नाही. १९६९ मध्ये सात लाख टनांच्या वर असलेले तांब्याचे उत्पादन २००० पर्यंत अडीच लाखांच्या आसपास आले. काउंडांनी १९९१ ची निवडणूक हरल्यावर सत्ता निमूटपणे सोडली, ही त्या काळच्या आफ्रिकेत दुर्मीळ गोष्ट होती. नंतरच्या सरकारने खाणी विकल्या. चिंगोला परिसरातली कोंकोला ही मोठी खाण २००४ मध्ये भारतीय उद्योगपती अनिल अगरवाल यांच्या वेदांताकडे गेली. प्रदूषणाविषयी तिथल्या ग्रामस्थांनी केलेला दावा लंडनमध्ये चालू शकतो, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, आणि मूळ कंपनीच्या उत्तरदायित्वाविषयी जगभरचे वकील आज तो उद्धृत करतात. दावा पुढे तडजोडीने मिटला.

२००५ मध्ये देशाचे बहुतांश परकीय कर्ज माफ झाले होते. नवे कर्ज झपाट्याने चढले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला. २०२४ च्या दुष्काळात करिबाचे पाणी तळाला गेले. जलविद्युतेवर विसंबलेल्या देशात दिवसाचे बहुतेक तास अंधार आणि शेतात वाळलेला मका अशी स्थिती झाली.

विजेच्या मोटारींमुळे तांब्याला पुन्हा भाव आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ताझाराच्या नूतनीकरणासाठी बीजिंगमध्ये सामंजस्य करार झाला. अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी अटलांटिकवरच्या लोबिटो बंदराचा, म्हणजे जुन्या बेंग्वेला मार्गाचा पुरस्कार केला आहे. लोबिटोची गाडी सध्या काँगोच्या खाणींपर्यंत येते. तिथून झांबियाकडे वळणाऱ्या नव्या फाट्याचे रूळ अजून पडायचे आहेत.