हेलियम, विजयदुर्ग आणि तीस वर्षांची गल्लत

दर वर्षी १८ ऑगस्टला तो फॉरवर्ड येतो. हेलियमचा शोध आपल्या कोकणात, विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञांनी तिथे दुर्बीण लावली होती. ज्या ओट्यांवर ती लावली, त्यांना आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, वगैरे. मीही तो अनेकदा पुढे ढकललाय. एकदा ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तर टीममधल्या गुंटूरच्या मित्राचं उत्तर आलं, “अरे, पण आमच्याकडे सांगतात की हेलियम गुंटूरला सापडला!”

एकाच गोष्टीवर दोघं हक्क सांगायला लागले की आमच्या धंद्यात वाद घालत नाहीत, लॉग उघडतात. मीही जुन्या नोंदी उघडल्या.

आधी ग्रहणाचं साधं गणित. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या सुमारे ४०० पट लांब आहे. त्यामुळे आकाशात दोघं जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला तो सूर्याच्या बरोबर आड येत नाही. जेव्हा येतो, तेव्हा त्याच्या सावलीचा एक चिंचोळा पट्टा पृथ्वीवरून सरकत जातो. खग्रास ग्रहण दिसतं ते फक्त त्या पट्ट्यात.

१८ ऑगस्ट १८६८ ला हा पट्टा भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला. तेव्हा चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ होता, म्हणून हे ग्रहण भलतंच लांबलं. सगळ्यात जास्त जिथे टिकलं तिथे ६ मिनिटं ४७ सेकंद. पण महिना ऑगस्टचा. भर पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर सूर्य बघायला कोण जाईल? जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत थांबले, पॉगसन मछलीपट्टणमला आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला.

या सगळ्यांकडे नवं हत्यार होतं, वर्णपटदर्शक. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यातून पाहिला, तर चमकदार रेघा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. रेघा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, असं जान्सेनना वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या. रेघांमध्ये एक पिवळी होती. ती बहुतेकांना सोडियमची वाटली.

आणि लॉकियर? ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते. त्यांचा नवा वर्णपटदर्शक ऑक्टोबरमध्ये हाती आला आणि २० ऑक्टोबरला त्यांनीही ग्रहणाशिवाय त्या रेघा पाहिल्या. दोघांच्या शोधाची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला, एकाच बैठकीत सादर झाली. पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघांशी जुळत नाही, हे पुढे लॉकियरनी पक्कं केलं आणि त्या अनोळखी मूलद्रव्याला ग्रीक ‘हेलिओस’वरून, म्हणजे सूर्यावरून, हेलियम हे नाव मिळालं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झींना तो पृथ्वीवर, एका खनिजात सापडला, तोवर अनेकांचा त्यावर विश्वासच नव्हता.

मग विजयदुर्ग आलं कुठून? हवेतून नाही. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण झालं, आणि या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले. आता महिना जानेवारीचा होता, आकाश मोकळं. ब्रिटिश आरमाराच्या जहाजावरचे खलाशी शिकवून तयार करून त्यांनी मदतीला घेतले होते. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्यामुळे सूर्याची तबकडी किंचित मोठी दिसते; शिवाय चंद्रही १८६८ इतका जवळ नव्हता. त्यामुळे हे ग्रहण सगळ्यात जास्त टिकलं तेही २ मिनिटं २१ सेकंद.

म्हणजे माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. फक्त तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी कुणीतरी एकत्र मर्ज केल्या. लॉकियर किल्ल्यावर आले तेव्हा हेलियमला नाव मिळून बरीच वर्षं झाली होती आणि तो प्रयोगशाळेतही सापडला होता.

हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आपलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. पण त्याच १८९८ च्या नोंदींत मला एक नाव भेटलं: कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या मदतीने त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती आणि तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सगळ्यात मोठी होती. त्या ग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली तुकडी घेऊन गेले, वेध घेतले आणि त्यांचा सविस्तर अहवाल छापला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

साहेब किल्ल्यावर येऊन गेला, याचा आपण दीडशे वर्षांचा उत्सव केला. त्याच दिवशी, त्याच सावलीत उभ्या असलेल्या पुण्याच्या प्राध्यापकाचा एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

गुंटूरच्या मित्राला मी सगळं सांगितलं. त्याचाही दावा अर्धाच होता. गुंटूरला रेघा दिसल्या, हेलियम ओळखला गेला तो नंतर. तो हसला आणि म्हणाला, “मग बरोबरी.” येत्या १८ ऑगस्टला फॉरवर्ड आला की मी ग्रुपवर जेऊरची गोष्ट टाकणार आहे. विजयदुर्गला मात्र नक्की जा. ओट्यांवर उभं राहून समुद्र बघा. फक्त तारीख २२ जानेवारी लक्षात ठेवा.