दगडातला गोठा

पुणे-सोलापूर रस्त्याला यवतजवळ उजवीकडे वळलं की भुलेश्वरचा डोंगर लागतो. कागदोपत्री हे देऊळ पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसचं, पण दौंडकडची माणसं त्याला आपलंच मानतात. बाहेरून बघणाऱ्याला हे यादवकाळातलं, म्हणजे साधारण तेराव्या शतकातलं मंदिर आहे असं सांगितलं तर तो हसेल. उंच भिंती, चुन्याचे घुमट, मिनारासारखे उंचवटे. हे सगळं नंतरचं. जुनं मंदिर आत लपलंय. अंधाऱ्या, अरुंद जिन्याने वर चढलात की काळ्या दगडातली नक्षी एकदम अंगावर येते.

आणि लगेच लक्षात येतं की इथे फार मोडतोड झाली आहे. चेहरे गेलेत, हात गेलेत. आता मूर्ती ओळखायची कशावरून? त्रिशूळ, चक्र, कमंडलू ही आयुधं तर हातांबरोबरच फुटली. अशा वेळी मी सरळ खाली बघतो, पायाशी. तिथे बैल असेल तर माहेश्वरी, मोर असेल तर कौमारी, हंस असेल तर ब्राह्मी, हत्ती असेल तर इंद्राणी. देवीचं नाक फुटलं तरी तिचं वाहन बहुतेक वेळा वाचलेलं असतं, कारण घाव घालणाऱ्याचं लक्ष चेहऱ्याकडे असतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या भक्तासाठी ती जनावरं म्हणजे नावाची पाटीच होती. आज आपल्यासाठीही तीच पाटी उरली आहे.

भुलेश्वरला एक मूर्ती आवर्जून शोधा. गणपतीचं तोंड, पण अंग बाईचं. ही वैनायकी. महाराष्ट्रात ती फार कमी ठिकाणी दिसते. उंदीर तिचाही असतो. (इथल्या पिंडीपाशी ठेवलेल्या पेढ्यांतले काही गायब होतात, असं लोक कौतुकाने सांगतात. त्यात उंदरांचा हात किती, यावर मी वाद घालत नाही.)

मंदिराच्या तळाशी हत्तींची रांग कोरतात. तिला गजथर म्हणतात. एवढा भार पेलायचा तर हत्तीच हवेत, असा साधा हिशेब. पण मला सगळ्यांत आवडतं ते उंबऱ्यावरचं कीर्तिमुख. बटाट्यासारखे डोळे, वर आलेले सुळे, धड नाहीच. बरेच जण त्याला राक्षस म्हणून ओलांडून जातात. पुराणातली गोष्ट अशी : राहू जालंधराचा निरोप घेऊन शंकराकडे आला आणि पार्वतीची मागणी करून बसला. शंकराच्या रागातून एक भुकेलं जनावर निघालं आणि राहूला खायला धावलं. राहू शरण गेला, त्याला सोडावं लागलं. मग मी खाऊ काय? स्वतःलाच खा, म्हणाले. त्याने खाल्लं, शेपटीपासून गळ्यापर्यंत. उरलं फक्त तोंड. खूश होऊन शंकराने त्याला आपल्या दारात जागा दिली. दौंड तालुक्यात राहू नावाचं गाव आहे. नावाचा या गोष्टीशी संबंध असेलच असं नाही, पण एसटीच्या पाटीवर ‘राहू’ वाचलं की मला ते तोंड आठवतं.

आता भीमा ओलांडून शिरूरकडे या. घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत बाईची लहान मूर्ती होती. झाकणावर दुसरी एक बाई होती, डोकं नसलेली, आणि शेजारी मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. दोन्हींत काडी घातली की ती बैलावर नीट बसते.

नंदी, माहेश्वरी, भुलेश्वर, सगळं याच्यानंतर कित्येक शतकांनी आलं. इनामगावची बाई म्हणजेच पुढची पार्वती, असं मी म्हणणार नाही. मध्ये लिहिलेला एक शब्दही नाही. पण कोरडवाहू मुलखात पेरणी, मळणी, ओझं सगळं ज्याच्या खांद्यावर, त्याच्या पाठीवर देवी बसवावी असं कुणाला तरी वाटलं, एवढं तर त्या भोकावरून कळतं. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नसतो ती घरं आजही मातीचे बैल पुजतात. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ साली राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या काळात शिरूर-आंबेगाव पट्ट्यात केवढी धग होती, हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलंय.

भुलेश्वर संरक्षित स्मारक आहे, इनामगावच्या वस्तू संशोधकांनी जपल्या. काळजी वाटते ती वेशीवरच्या वीरगळांची. मारुतीच्या पाराला टेकवलेला उभा दगड, त्यात खालून वर तीन-चार चौकटी. सगळ्यांत खाली आडवा पडलेला वीर आणि बऱ्याचदा गायींची रांग. म्हणजे हा माणूस गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला नेताहेत, आणखी वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय, टोकाला चंद्र-सूर्य. नाव नाही, साल नाही. बहुतेक वेळा त्याच्याबद्दलचा एकमेव पुरावा म्हणजे त्या चार गायी.

भीमेच्या काठी एका गावात असा दगड मी पाहिला. हौसेने त्याला ऑइल पेंट लावलेला, वर शेंदूर. वीर गुलाबी, आकाश निळं, खालची चौकट पांढऱ्या रंगाच्या जाड थराखाली पूर्ण बुजलेली. पाराजवळच्या एका आजोबांना विचारलं, इथे खाली काय होतं?

“गाया व्हत्या की,” ते म्हणाले, “चार का पाच. आम्ही पोरं असताना बोटांनी मोजायचो.”

मी बोट फिरवून पाहिलं. रंगाखाली दोन शिंगं लागली.