पसायदान : आपण नेमके काय मागतो?

आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, गणेशोत्सव, कोजागिरी किंवा वार्षिक सभा, शेवट पसायदानानेच होतो. सगळे उभे राहतात आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचा एक आवाज होतो. आरत्या सोडल्या, तर सर्वांना पाठ असलेली आणि सर्वांनी मिळून म्हणायची अशी दुसरी रचना आपल्याकडे क्वचितच सापडेल.

गेल्या कोजागिरीला आमचे शेजारी, एक गुजराती गृहस्थ, आमच्याबरोबर आले होते. पसायदान संपल्यावर त्यांनी विचारले, "भाई, आ शुं गायुं तमे?" मी म्हणालो, "प्रार्थना." "शेनी?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला मात्र मला दोन ओव्यांपलीकडे धड उत्तर देता आले नाही. शाळेपासून म्हणत आलो, पण आपण मागतो काय, हे नीट पाहिलेच नव्हते. घरी येऊन सार्थ ज्ञानेश्वरी काढली. त्या वाचनातून हे टिपण तयार झाले.

उगम

पसायदान ही स्वतंत्र रचना नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या या नऊ ओव्या आहेत. प्रचलित प्रतींत त्यांचे क्रमांक १७९४ ते १८०२ असे आहेत. त्यांच्यापुढेही थोड्या ओव्या आहेत. त्यांत गोदावरीकाठचा प्रदेश, यादव राजा रामचंद्र, गुरुपरंपरा, शके १२१२ (इ. स. १२९०) हे वर्ष आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख येतो. ग्रंथ प्रवरेकाठी नेवासे येथे सांगितला गेला. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी तो सांगितला असे मानतात, त्या 'पैस' खांबाचे दर्शन आजही तेथे घेता येते.

पुढे प्रतींमध्ये पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्यापर्यंत हा ग्रंथ पोहोचला त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्या पिढीच्या कानात बसलेली पसायदानाची चाल मात्र हृदयनाथ मंगेशकरांची. लता मंगेशकरांच्या आवाजातून ती घरोघरी गेली.

ओव्यांचा अर्थ

'पसाय' म्हणजे प्रसाद. पसायदान म्हणजे प्रसादरूपी दान.

पहिली ओवी : नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे शब्दांचा यज्ञ. त्याने विश्वात्मक देवाने संतुष्ट व्हावे आणि मला प्रसाद द्यावा. येथे कोणत्याही एका दैवताचे नाव नाही. सारे विश्व ज्याचे रूप आहे, त्याच्याकडे मागणे आहे.

दुसरी : दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो आणि सर्व जीवांमध्ये मैत्री जडो. 'व्यंकटी' म्हणजे वाकडेपणा.

तिसरी : पापाचा अंधार जावो, स्वधर्माच्या सूर्याने विश्व उजळो, ज्याला जे हवे ते मिळो. येथील 'स्वधर्म' म्हणजे आपल्या वाट्याला आलेले कर्तव्य. जनगणनेच्या तक्त्यात लिहितो तो धर्म नव्हे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात याचा विस्तार आहे.

चौथी : सर्व प्रकारच्या मंगलाचा वर्षाव करणारा ईश्वरनिष्ठांचा मेळावा पृथ्वीवर जीवांना सतत भेटत राहो. 'मांदियाळी' म्हणजे समुदाय.

पाचवी : हे सज्जन कसे, तर कल्पतरूंची चालती उपवने, चिंतामणींची सजीव गावे आणि अमृताचे बोलते सागर. आरंभीचा 'चला' हा शब्द 'चला, जाऊ या' यातला नाही. चल म्हणजे चालणारी. 'आरव' म्हणजे येथे गोंगाट नव्हे, तर बाग. आपल्याच बालमेळाव्यात या शब्दावर मुलांना हात हलवत चालायला लावले होते. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो!

सहावी : डाग नसलेले चंद्र आणि ताप न देणारे सूर्य असे हे सज्जन सर्वांचे सोयरे होवोत.

सातवी : तिन्ही लोक सर्व सुखांनी पूर्ण होऊन आदिपुरुषाचे अखंड भजन करोत.

आठवी : हा ग्रंथ हेच ज्यांचे जीवन, त्यांना दृष्ट आणि अदृष्ट, म्हणजे इहलोकीच्या आणि परलोकीच्या, दोन्ही गोष्टींत विजय लाभो.

नववी : विश्वेश्वर म्हणाले, हे दान मिळेल. त्या वराने ज्ञानदेव सुखी झाले. विश्वेश्वर म्हणजे येथे गुरू निवृत्तिनाथ, असाही अर्थ लावला जातो.

या मागण्याचे वेगळेपण

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. अर्जदार कोण, रक्कम किती आणि ती कोणासाठी, हे आधी बघायची सवय आहे. या अर्जात अर्जदाराने स्वतःच्या खात्यावर काहीच मागितलेले नाही. ज्ञानदेवांचे नाव येते ते अगदी शेवटी, आणि तेही इतरांना मिळणार म्हणून सुखी झालेला माणूस म्हणून. संन्याशाची पोरे म्हणून या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते, असे परंपरा सांगते. अशा माणसाच्या मागण्यात कोणाविरुद्ध एक शब्द नाही. दुष्टांचा नाश होवो असे तो म्हणत नाही. त्यांचा फक्त वाकडेपणा जावो, माणूस राहो, एवढेच मागतो.

वार्षिक सभेत हिशेबावरून तावातावाने बोलून झाल्यावर आपण हीच दुसरी ओवी म्हणतो. तेव्हा ती समोरच्यासाठी आहे, अशी प्रत्येकाची समजूत असते. मीही अपवाद नव्हतो. पण सर्वांनी मिळून म्हणायचे म्हणजे माझ्यासाठी शेजारचा मागतो आहे आणि त्याच्यासाठी मी. आपण वाकडे असू, तर तो वाकडेपणाही त्यात आला.

म्हणताना

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणावर क्षणभर थांबावे. सर्वांचा श्वास आणि सूर तेथे जुळतो. घाई केली की पुढची ओवी विस्कटते. चपला शोधणे आणि डबे आवरणे नऊ ओव्या होईपर्यंत थांबू शकते. मुलांना पाठांतराबरोबर दर आठवड्याला एका ओवीचा अर्थ सांगितला, तर नऊ आठवड्यांत पसायदान पुरे होईल.

शेजाऱ्यांना नंतर मी सगळा अर्थ सांगितला. दुसऱ्या ओवीपाशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "आ तो आपणी सोसायटीनी मीटिंगमां पण गावुं जोईए."