पडद्यामागचा गळा

'सिंगिंग इन द रेन' म्हटले की छत्री मिटून पावसात चिंब नाचणारा जीन केलीच आठवतो. पण १९५२च्या या विनोदी संगीतपटाचा खरा विषय पाऊस नाही, आवाज आहे. कथा घडते १९२७ साली. 'द जॅझ सिंगर'ने बोलपटांची चुणूक दाखवल्यावर मूकपटांच्या स्टुडिओंत उडालेली तारांबळ त्यात आहे. माइक झुडपात लपवलेला, पण नायिका लीना लॅमाँट बोलता बोलता मान वळवते आणि आवाज गडप होतो. माइक तिच्या कपड्यांत बसवला, तर संवादांपेक्षा काळजाचे ठोकेच जास्त ऐकू येतात. शेवटी स्टुडिओचा मालक वाटेत आलेली वायर ओढतो आणि बाईसाहेब उलथून पडतात! लीनाच्या चिरक्या आवाजावर उपाय म्हणून कॅथी नावाच्या होतकरू मुलीचा आवाज भरला जातो, तोही तिचे नाव झाकून. अखेरीस भर थिएटरात पडदा वर जातो, मागे गाणारी कॅथी दिसते आणि चोरी उघडी पडते.

प्रत्यक्षात मात्र हा चित्रपट काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओने हीच चोरी केली. कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या काही गाण्यांना गळा होता बेटी नॉइस यांचा, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. कॅथी लीनासाठी जे संवाद 'भरते', त्यांतला सुरेख आवाज तर लीना साकारणाऱ्या जीन हेगनचाच. म्हणजे जिच्या आवाजाची टिंगल चालली आहे, तिनेच कॅथीला आवाज उसना दिला. बेसूर लीना इतकी बेमालूम वठवायची, तर गळा किती कसलेला हवा!

हा दांभिकपणा आहे म्हणून चित्रपटाला मोडीत काढावे काय? मला तसे वाटत नाही. चित्रपटाचा रोख उसन्या आवाजावर नाहीच. तसा असता तर नायक आणि त्याचा मित्र स्वतःच ती युक्ती काढते ना. राग आहे तो कॅथीला कराराने बांधून कायम पडद्याआड ठेवण्याच्या बेतावर. निर्मात्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की नाव सांगितले तर प्रेक्षकांचा भ्रम तुटेल. आपल्याकडचा अनुभव याच्या उलट आहे. 'महल'च्या (१९४९) गाण्याच्या तबकडीवर आधी गायिका म्हणून 'कामिनी' हे मधुबालाच्या पात्राचेच नाव छापले होते. लोक विचारू लागले तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. त्यामुळे मधुबालाची मोहिनी तसूभरही उतरली नाही. उलट लोक दोघींसाठी गाणी ऐकू लागले. हॉलीवूडला हे उमगायला फार वेळ लागला: १९६४च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन गायल्या, पण पडद्यावर त्यांचे नाव आले नाही.