फिलिपच्या टेबलावरचे आईवडील: एडीएचडीचा एक घरगुती इतिहास

१८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांना आपल्या लहानग्यासाठी मनाजोगते चित्रपुस्तक मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच एक वही लिहिली आणि चितारली. पुढे 'श्ट्रुव्वेलपेटर' या नावाने तिची पुस्तकरूपात जगभर ख्याती झाली. दुसऱ्या आवृत्तीत तिच्यात चुळबुळ्या फिलिप आला. जेवताना खुर्ची झुलवणारा हा मुलगा तोल जाऊन टेबलावरच्या कापडासह, अन्नासह जमिनीवर कोसळतो.

या फिलिपला आज सर्रास 'एडीएचडीचा पहिला रुग्ण' म्हटले जाते. बालगीतातील पात्राचे निदान करणे मला उतावीळपणाचे वाटते. त्या चित्रातले आईवडील मात्र निरखून पाहावेत. वडील रागावतात, आई निःशब्द टेबलाकडे पाहत राहते. पुढे कित्येक दशके कुटुंबाच्या वाट्याला याच दोन भूमिका होत्या. आपल्याकडेही अशा मुलाला 'द्वाड', 'वांड' म्हणून मोकळे होण्याची रीत जुनीच!

१९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली. दोष शरीरात असू शकतो, हे त्याने मांडले. पण नाव दिले 'नैतिक नियंत्रणातील उणीव'. अशा नावाने कोणत्या आईचा जीव हलका होणार?

अमेरिकेतील ऱ्होड आयलंडची कथा निराळी आहे. जॉर्ज आणि हेलन ब्रॅडली यांची कन्या एमा हिला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि कायमचे अपंगत्व आले. तिच्यासारख्या मुलांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली; तीतून १९३१ मध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्सला 'ब्रॅडली होम' उघडले. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली, याच कुटुंबातले, मुलांना तपासणीनंतर होणारी डोकेदुखी थांबावी म्हणून बेन्झेड्रिन देऊन पाहत होते. डोकेदुखी हटेना, अभ्यास मात्र सुधारला. १९३७ च्या त्यांच्या निबंधातील ३० मुलांपैकी १४ जणांच्या शालेय कामात विलक्षण फरक दिसला. मुलांनी त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नावच ठेवले.

परंतु ही मुले घरापासून दूर, संस्थेत राहत होती. आईवडिलांनी उभारलेल्या वास्तूत उपचार होत होता, तो आईवडिलांच्या गैरहजेरीत.

नावे पुढे बदलत गेली: १९६८ मध्ये 'बाल्यातील अतिचंचल प्रतिक्रिया', १९८० मध्ये 'अवधान-न्यूनता', १९८७ मध्ये आजचे एडीएचडी. माझ्या मते खरी उलथापालथ नावांत नव्हती. साठच्या दशकापासून काही मानसशास्त्रज्ञ पालकांनाच शिकवू लागले होते: सूचना एका वेळी एकच द्यावी, चांगले वागणे तत्क्षणी टिपावे, शिक्षा थोडी आणि ठरलेली असावी.

१९९९ मध्ये अमेरिकेतील ५७९ मुलांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातील वर्तनोपचारात पालकांसाठी ३५ बैठका होत्या. शिवाय शिक्षक रोज एक कार्ड भरत आणि त्यावरून मुलाला घरी बक्षीस मिळे. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध सरस ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. पण औषधाला वर्तनोपचाराची जोड मिळाली तेथे कमी मात्रा पुरली आणि पालक-मुलांचे नातेही सुधारले. तीन वर्षांनी गटांमधले हे अंतर बरेचसे पुसले गेले, म्हणून कोणी घाईने जयघोष करू नये.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका पाच वर्षांखालील मुलांसाठी आधी औषध नव्हे, तर पालकांचे गटप्रशिक्षण सुचवते. भावंडांवरील ताणाची आणि पालकांच्या स्वतःच्या प्रकृतीची चौकशी करा, असेही ती सांगते. आणि एक गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम बजावते: प्रशिक्षण सुचवले म्हणजे तुम्ही वाईट पालक आहात असे नव्हे, हे आईवडिलांना स्पष्ट शब्दांत सांगा. हॉफमन यांच्या वहीनंतर पावणेदोनशे वर्षांनीही हे वाक्य लिहावे लागले.